लामिले मावशीचा उशिरा मांडलेला संसार

माझ्या लामिले मावशीचं ओब्लिते तांडेलाशी लग्न झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, आणि नवऱ्याबरोबर एका घरात ती पहिल्यांदा राहायला गेली तेव्हा तिला चार नातवंडं झाली होती.

मधल्या काळात भांडण नव्हतं की कुणी कुणाला टाकलं नव्हतं. समुद्राकाठी, जेम्सटाऊनच्या जुन्या वस्तीत आम्हा गा जमातीच्या लोकांची रीतच तशी. पुरुष राहतो बापाच्या घरी, भावांबरोबर. बाई राहते आईच्या घरी, बहिणी, मावश्या आणि लेकींबरोबर. मुलगा जरा हाताशी आला की तोही बापाकडे जातो. संध्याकाळी बायको रांधते आणि झाकलेलं भांडं लेकीच्या डोक्यावरून नवऱ्याच्या घरी जातं. नवऱ्याचं मन झालं की निरोप येतो, आणि बायकोचं मन असलं तर ती जाते. आमच्या बायकांच्या घरात मी दाराशी शिवणयंत्र घेऊन बसते, त्यामुळे कोण गेली आणि कोण नुसतीच डोकं दुखतंय म्हणाली हे सगळ्यांच्या आधी मला कळतं.

लामिले मावशी माझ्या आईची थोरली बहीण. रुंद बांध्याची, मोठ्या आवाजाची, धुराने डोळे कायमचे तांबूस झालेली. किनाऱ्यावर तिच्या मातीच्या भट्ट्या होत्या. होड्या लागल्या की तारली, बांगडा, मांदेली विकत घ्यायची, जाळीच्या तबकांत लावून धुरावर सुकवायची आणि बाजारात पाठवायची, हा तिचा उद्योग. तिच्या हातचा धुरवलेला बांगडा पार आतल्या कुमासी शहरापर्यंत जायचा. ओब्लिते काका उंच, काटकुळे, मोजकं बोलणारे. त्यांची होडी होती, तिच्या अंगावर लाल-पिवळ्या अक्षरांत ‘लोक बोलणारच’ असं रंगवलेलं. मावशीला कुणी विचारलं, ‘नवरा कसा आहे गं?’ तर ती म्हणायची, “माणूस चांगला आहे. लांब राहतो.”

बंदर होणार, बंदर होणार, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. मग एका वर्षी खरंच मोजणीवाले आले. भिंतींवर लाल फुल्या पडल्या. पंचांची बैठक झाली, समुद्राच्या पुजाऱ्याने मद्य ओतून देवांना आणि पूर्वजांना कळवलं, तरुण पोरांनी दोन दिवस रस्त्यावर टायर जाळले. शेवटी यंत्रं आलीच.

सगळ्यात आधी गेल्या त्या किनाऱ्यावरच्या भट्ट्या. मावशीने आपली तबकं बाहेर काढून वाळूत रचली आणि त्या पिवळ्या यंत्रापुढे कमरेवर हात ठेवून उभी राहिली. यंत्र चालवणाऱ्या माणसाला तिने त्याच्या सात पिढ्यांसकट उभं-आडवं धुतलं. तो उत्तरेकडचा कुणी होता, त्याला आमची भाषा कळत नव्हती. नुसता स्टीअरिंग धरून घाम पुसत बसला. मावशीचा दम संपला तेव्हा ती तोंडाशी हात नेत म्हणाली, “जेवलायस का तू?” त्याने नाही असा हात हलवला. तिने कागदात गुंडाळून त्याला दोन तळलेले मासे दिले, पाठ फिरवली, आणि मग त्याने यंत्र सुरू केलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

काही महिन्यांनी बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या आखणीत ओब्लिते काकांचं घरही गेलं. पिढ्यान्‌पिढ्यांचं पुरुषांचं घर, मध्ये अंगण, भोवती भावाभावांच्या खोल्या. बंदर पुरं झालं की वरच्या अंगाला खोल्या बांधून देऊ, असं सरकारी माणसांनी सांगितलं. असं सांगणारी माणसं आम्ही पूर्वीही पाहिली होती. भाऊ विखुरले. काकांचा धाकटा भाऊ लान्ते होडी घेऊन तेमाच्या बंदरात गेला, पुतण्या आयिक्वेई आणि जुने खलाशी त्याच्याबरोबर. काकांचा गुडघा तोवर पार दुखरा झाला होता. ते मागे राहिले. बूड टेकायला जागा नाही अशी वयाच्या साठीनंतर तांडेलाची गत झाली.

त्या संध्याकाळी आमच्या घरात चर्चा बसली. काही दिवस काकांना इथेच ठेवावं का? थोरल्या त्सोत्सू मावशींनी, त्या घरातल्या सगळ्यात वडील, काठी आपटली.

“या घरात पुरुष झोपला तो इंग्रजांच्या राज्यात. आणि तोही मेलेला होता, त्याला पुरायला नेईपर्यंत.”

“मग यांना कुठे ठेवू? छपरावर?” लामिले मावशी म्हणाली.

तेव्हा तिची लेक दीदे पुढे झाली. दीदे फोनच्या दुकानात काम करते, नवऱ्याबरोबर राहते, नव्या वळणाची आहे. ती म्हणाली, “माझ्या दिराचं अमासामानला घर अर्धवट बांधून पडलंय. तो परदेशात. राखणदार हवाय त्याला. दोन खोल्यांवर छप्पर आहे. बाबांना तिथे ठेवू.”

“ठेव की मग. मला काय विचारतेस?”

“आई, जेवणाचं काय? इथून रोज संध्याकाळी भांडं घेऊन कोण जाणार? दोन ट्रोट्रो गाड्या बदलायच्या. रस्ता तुंबला तर बाबांचं रात्रीचं जेवण पहाटे पोचेल.”

सगळ्या माझ्या मावशीकडे बघत होत्या. तिला ते कळलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू कुणी तिला चंद्रावर जायला सांगितलंय.

“त्यांच्याबरोबर राहायचं?” ती म्हणाली. “म्हणजे सकाळीसुद्धा?”

चार दिवसांत सोय लावून परत येते, असं सांगून ती गेली. तिची चटई मी गुंडाळून कोपऱ्यात उभी करून ठेवली.

अमासामान म्हणजे शहराच्या आतल्या अंगाला, तांबड्या धुळीचा मुलूख. तिथे समुद्र दिसत नाही, वास येत नाही, वारासुद्धा उसना आणल्यासारखा वाटतो. दर मंगळवारी, त्या दिवशी आमच्याकडे होड्या समुद्रात जात नाहीत आणि माझ्याकडेही गिऱ्हाईक कमी, मी त्यांच्याकडे जायचे. दर वेळी मावशी मला फाटकाबाहेरच गाठायची आणि पोटातलं सगळं ओकायची.

“अगं शोर्मे, घोरतात किती! पहिल्या रात्री मला वाटलं, बाहेर कुणाची तरी मोटार चालू राहिलीय. दार उघडून बघून आले मी.” आणि मग, “उजाडायच्या आत उठतात, आणि भिंतीशी बोलतात. वारा असा आहे, पाणी तसं आहे. कसलं पाणी? विहिरीचं?”

काकांचीही तक्रार असायची, पण त्यांना ती सांगायला अर्धा दिवस लागायचा. एकदा मी शेंगदाण्याच्या रश्शासाठी वाटण करत होते, तेव्हा ते माझ्याशेजारी विटेवर बसले आणि हळूच म्हणाले, “तुझी मावशी मिरची फार लवकर टाकते.”

मावशीचे कान घारीच्या डोळ्यांसारखे. ती आतून ओरडली, “इतकी वर्षं मुकाट्याने खाल्लीत ना?”

“तेव्हा दिसत नव्हतं,” काका म्हणाले.

मला हसू आवरेना. पण ते हसण्यावारी जाण्यासारखं राहिलं नाही. काका दिवसेंदिवस फाटकाजवळच्या सिमेंटच्या ठोकळ्यावर बसून राहायला लागले. जेवण झालं की ठोकळा, झोप झाली की ठोकळा. रेडिओवर भरतीच्या वेळा सांगतात, तेवढ्यापुरते आत यायचे. मावशीने आयुष्यात नवऱ्याला रिकामा बसलेला पाहिला नव्हता. तिच्या आठवणीतला ओब्लिते नेहमी नुकता समुद्रावरून आलेला किंवा आता निघायच्या घाईत असायचा. आणि ती स्वतःही रिकामी होती. धुराची सवय असलेले हात, त्यांनी दिवसभर काय करायचं? ती झाडलेलं अंगण पुन्हा झाडायची.

एक दिवस तिचा स्फोट झाला. त्या वेळी मी तिथेच होते. काका ठोकळ्यावरून म्हणाले, “समुद्र गेला. माणसाचं काय राहिलं?”

मावशीने झाडू फेकला.

“तुमचा समुद्र गेला! आणि माझा? माझ्या भट्ट्या त्यांनी तुमच्या घराआधी मोडल्या. घर गेलं तर सगळ्या वस्तीने गळे काढले. माझ्या भट्ट्यांचं नाव तरी काढलं कुणी? तुम्ही काढलंत? एकदा तरी?”

मावशीने लुगडं आणि दोन भांडी एका गाठोड्यात बांधली आणि माझ्याबरोबरच ट्रोट्रोत बसली. आमच्या घरी मात्र तिचं स्वागत झालं. त्सोत्सू मावशी म्हणाल्या, “आलीस? मी सांगितलंच होतं, पुरुष हा खाऱ्या माशासारखा असतो. रोज रोज नाही चालत.” सगळ्या हसल्या. लामिले मावशीही हसली, पण जरा उशिरा.

काका आले नाहीत, निरोप नाही, फोनही नाही. मावशीने विषय काढू दिला नाही. आठवडा गेला तेव्हा ती म्हणाली, “माझं मोठं पातेलं तिकडे राहिलंय. चल, घेऊन येऊ.” आमच्या घरात पातेल्यांचा तुटवडा कधीच नव्हता, आणि पातेलं आणायला ती गाठोडं काखेत घेऊन निघाली.

फाटकाशी ठोकळा रिकामा होता. घराच्या मागून थप थप आवाज येत होता. जाऊन बघतो तर काका कोपरापर्यंत चिखलात, आणि त्यांच्यापुढे तांबड्या मातीचा एक ओबडधोबड चौकोन उभा. एक भिंत उंच, एक ठेंगणी, तोंड वाकडं.

मावशीने त्याभोवती एक फेरी मारली. मग म्हणाली, “ही काय भट्टी आहे की कुत्र्याचं घर?”

“तू उभी राहून सांग,” काका म्हणाले. “मोडून पुन्हा करतो.”

आमच्याकडे पुरुष भट्टीला हात लावत नाही. जाळं पुरुषाचं, धूर बाईचा. काकांनी हजारो वेळा पाहिली असेल भट्टी, पण लांबून, होडीवरून.

“किनाऱ्यावर तुझ्या किती होत्या?” त्यांनी विचारलं.

“चार.”

“मला तीन आठवल्या.” ते हातातल्या चिखलाकडे बघत होते. “रोज किनाऱ्याला लागताना समोर दिसायच्या. तरी मला तीनच आठवल्या.”

मावशीने गाठोडं खाली ठेवलं, लुगडं खोचलं, आणि त्यांच्या हातातला मातीचा गोळा काढून घेतला. “पाणी फार घातलंत,” ती म्हणाली. “सरका.”

पातेलं आम्ही आणलं नाही. मी एकटीच परत आले.

पुढचं सांगते. पहाटेच्या ट्रोट्रोने मावशी चोर्कोरच्या किनाऱ्यावर जायची, बर्फात मासळी भरून आणायची. काका लाकडं फोडून तयार ठेवायचे. पहिल्याच दिवशी शेजारची एसिनाम नावाची बाई भांडायला आली. तिने वाळत घातलेल्या चादरींना धुराचा वास लागला होता. मावशी पदर खोचून तयारच होती, पण काका मध्ये पडले. ते अंगणात उभे राहिले, बोट ओलं करून वर धरलं, आणि एसिनामला म्हणाले, “बाई, तुमचे कपडे तुम्ही सकाळी वाळत घाला. दुपारनंतर वारा तुमच्या घरावरून आमच्याकडे येतो. आम्ही तेव्हा पेटवू.” तसं ठरलं. एक-दोनदा वाऱ्याने शब्द मोडला, तेव्हा मावशीने तिला मासे पाठवले. महिन्याभरात एसिनाम कपड्यांचं विसरून भट्टीपाशी येऊन बसायला लागली. तबकं कशी फिरवायची, बांगडा कधी उलटायचा, हे विचारायला लागली.

त्या आतल्या भागात ताजी धुरवलेली मासळी कुणी पाहिली नव्हती. लोक बाजारातून शिळी, किडकी आणायचे. मावशीच्या अंगणातून वास सुटला की ट्रोट्रोचे ड्रायव्हर गाडी थांबवून उतरायचे. दीदेने फोनवर फोटो टाकले, मग शाळेतल्या बाई, चर्चमधल्या बायका, सगळ्यांची मागणी यायला लागली. मावशीचा आवाज पुन्हा पहिल्यासारखा झाला. काकांनी दुसरी भट्टी बांधली, ती सरळ होती.

लान्ते एकदा तेमाहून भेटायला आला. थोरला भाऊ गुडघ्यावर बसून निखारे सारतोय हे बघून तो दारातच थांबला.

“तांडेल, होडीऐवजी आता धूर नांगरता की काय तुम्ही?”

“हस,” काका म्हणाले. “आणि येताना रिकाम्या हाताने आलास तर जेवायला मिळणार नाही. तेमात मासळी संपली का?”

लान्तेचा चेहरा उतरला. मासळी खरंच कमी झाली होती. मोठी जहाजं खोल पाण्यात दिवे लावून सगळं खरवडून नेत होती, आणि परक्या बंदरात आपल्या होड्यांना जागेसाठी भांडावं लागायचं. त्या दिवशी दोघं भाऊ बराच वेळ बोलत बसले. काकांनी त्याला मासे बांधून दिले. मच्छीमाराला मासे बांधून द्यायची वेळ आली, म्हणून लान्ते पहिल्यांदा ओशाळला, मग पोट धरून हसला.

बंदर शेवटी झालं. आम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा उशिरा, आणि आम्हाला भीती होती त्यापेक्षा बरं. लाटा अडवणारी दगडी भिंत, होड्या लागायला धक्का, बर्फाचा कारखाना, आणि बायकांसाठी ओळीने भट्ट्या, धुरांडी असलेल्या. चिठ्ठ्या टाकून जागा दिल्या. मावशीला जागा लागली, टोकाची, पण लागली. माझ्या आईच्या एका मैत्रिणीला लागली नाही, ती अजून शिव्या देते. सगळ्यांचं भलं झालं असं मी म्हणणार नाही.

वरच्या अंगाला खोल्याही बांधून झाल्या. पण पूर्वीसारखं अंगण मध्ये ठेवून नव्हे. आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक, प्रत्येक भावाला एक खोली. लान्ते किल्ली घेऊन अमासामानला आला. तो म्हणाला, “चला दादा. आपले सगळे परत येतायत.”

आता खरी पंचाईत. मावशी परत येणार हे आमच्या घराने गृहीतच धरलं होतं. मी तिची चटई उन्हात घातली. काका भावांच्या ओळीत जाणार, मावशी आमच्यात येणार, रीत पुन्हा सुरळीत. कुणी काही विचारलंही नाही. त्या दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही, आणि मला वाटतं, तेच अवघड जात होतं.

सामान आणायला मी आणि दीदे गेलो. भट्ट्या एसिनामला द्यायच्या ठरल्या होत्या, ती रडत होती आणि एकीकडे तबकंही मोजून घेत होती. मावशी गाठोडी बांधत होती. दोन गाठोडी, एक त्यांचं, एक तिचं. बांधता बांधता ती थांबली.

“ही चादर कुणाची?” तिने विचारलं.

काका म्हणाले, “दोघांची.”

“मग कुठल्या गाठोड्यात घालू?”

वल्ही मारणाऱ्या माणसासारखे काकांचे खांदे वर-खाली झाले. मग म्हणाले, “खोली लहान आहे. पण एकाच्या मानाने मोठी आहे.”

“लोक काय म्हणतील?”

“लोक बोलणारच. मी ते होडीवर रंगवून ठेवलंय.”

मावशीने दोन्ही गाठोडी सोडली आणि एकच बांधलं. दीदे तोंड फिरवून फोनमध्ये काहीतरी बघू लागली.

लोक बोललेच. भावांनी थट्टा केली, म्हातारपणी नवी नवरी आणली म्हणून. आमच्या घरातल्या बायकांना राग आला, खरं तर वाईट वाटलं. त्सोत्सू मावशी तर तिच्याशी बोलेनात. लामिले मावशी रोज सकाळी बंदरावर जाताना आमच्या दारात थांबायची, आत डोकावून मोठ्याने म्हणायची, “थोरल्या, पाय चेपू का?” पंधरा-वीस दिवस उत्तर आलं नाही. मग एक दिवस आतून आवाज आला, “पाय राहू दे. नवरा अजून घोरतो का?”

“कान बंद होतात हो!”

“मग ये आत. चहा घे.”

काकांना पुतण्याने एकदा होडीवर नेलं. आयिक्वेई आता तांडेल झालाय, त्याच्याकडे मासे दाखवणारं यंत्र आहे. काका गेले, परत आले, होडीतून उतरताना त्यांना दोघांनी धरावं लागलं. चेहरा मात्र असा उजळलेला की मावशीने विचारलं, “काय, जलपरी भेटली की काय?” ते म्हणाले, “पुरे झालं. आता मन भरलं.” पण किनारा त्यांना सोडवेना. नव्या धक्क्यावर होड्यांची गर्दी व्हायची, आधी कोण लागणार यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. शेवटी सगळ्या तांडेलांनी मिळून काकांना धक्क्यावर उभं केलं. ते हात करतील ती होडी आत येते. कुणी वाद घातला तर ते बोलत नाहीत, नुसतं बघतात.

गेल्या हंगामात एके दिवशी तारली आली. कित्येक वर्षांत अशी आली नव्हती. होड्या पाण्याला टेकतील इतक्या भरलेल्या, धक्क्यावर टोपल्यांची रीघ, पोरं गाणी म्हणत दोर ओढतायत. मीही शिवण टाकून खाली गेले. मावशी आपल्या भट्टीपाशी उभी राहून ओरडत होती, “तांडेल! आमच्या आयिक्वेईला आधी घ्या! तारली उन्हाने मऊ पडतेय!”

काकांनी मान हलवली. “रांगेत.”

“अहो, तुमचा पुतण्या आहे तो!”

“रांगेत!”

“या माणसाबरोबर मी एका चादरीखाली झोपते,” मावशी सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “आणि मला रांगेत उभं करतोय!” दोराची गाणी थांबली, एवढे लोक हसले. काकांनी हात वर केला तो दुसऱ्याच होडीसाठी.

सगळं आवरेपर्यंत ऊन कलंडलं. आम्ही तिघं चढण चढायला लागलो, मावशीच्या अंगाला खवले चिकटलेले, काका लंगडत. अर्ध्या वाटेवर मावशी पायरीवर बसली.

“आज मी रांधणार नाही. कोपऱ्यावरून विकतचे मक्याच्या केंकीचे गोळे आणा, आणि तिखट वेगळं बांधून घ्या.”

काका निघाले. दहा पावलांवर त्यांना एक खलाशी भेटला, त्याच्याशी बोलत उभे राहिले. त्यापुढे कुणी दुसरा.

“बघ,” मावशी मला म्हणाली, “आता तासभर येत नाही हा माणूस.” तिने चपला काढल्या, भिंतीला पाठ टेकली आणि तिथूनच हाक मारली, “अहो, शोर्मे पण जेवणार आहे! चार गोळे आणा!”

त्यांनी मागे न बघता हात वर केला आणि बोलतच राहिले.